बुडणारे कोष

राहुरीला दोन वर्षं मी अळ्या मारायला शिकले.
तुरीची शेंग पोखरणारी, हिरवी, अंगावर तुटक रेघ असलेली.
किती मात्रेला, किती तासांत, किती टक्के,
सगळं आहे माझ्या प्रबंधात,
काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं,
पलंगाखालच्या बॅगेत.

इथे थॉर्नला, कालव्याच्या काठी,
डोरीनच्या गळ-दोऱ्यांच्या दुकानात
मी त्यांच्याच लांबच्या भाऊबंदांना जगवते.
ताशी पगारावर.

मुलाखतीत पदवी कोणी विचारली नाही.
विचारलं एवढंच : किळस येते?

दूध पिंटाने, बियर पिंटाने, अळ्याही पिंटानेच.
मापात ओतल्या की सळसळतात
तांदळासारख्या; पण तांदूळ कधी
मापाच्या काठावर येऊन बाहेर डोकावत नाही.
काही गिऱ्हाइकं हळद मागतात,
मासा भुलतो म्हणे हळदीला.
मी घरची नेते, सांगलीची.
बोहल्यावर चढवायच्या असल्यासारखी
अंगभर लावते
आणि पाठवते गळावर.

डोरीनचे नियम थोडे.
ओल नको, ओली अळी भिंत चढते.
मक्याच्या कोरड्या पिठात लोळव, चाळ,
मेलेल्या वेच, नाहीतर उरलेल्या नासतात.
आणि थंड ठेव.
"मरत नाहीत, लव्ह. नुसत्या थांबतात."

जुलैत, शनिवारी संध्याकाळी, फ्रिज गेला.
रविवारी कालव्यावर स्पर्धा, ऐंशी गळ.
दार उघडलं तर तोंडावर वाफ आली, डोळे झोंबले.
ट्रेमध्ये हात घातला : ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा.
एकमेकींच्याच अंगाने तापल्या होत्या सगळ्या,
आणि इथे-तिथे एखादी गप्प,
आखडलेली, पिवळसर.

डोरीन स्टुलावर बसली ती बसलीच.
साठ पिंट, म्हणाली. साठ.
मी म्हटलं, बादल्या आण. कोषाला भाव जास्त असतो ना?

मग रात्रभर चाळण.
जिवंत अळी भोकातून खाली जाते, स्वतःच्या पायांनी म्हणणार होते,
पण पाय नसतात तिला, तरी जाते.
कोष वर राहतात.
दर अर्ध्या तासाला थोडे आणखी :
आधी केशरी, मग विटकरी, मग जुन्या लाकडासारखे.
डोरीनचा नातू कीअरन मोबाइलचा उजेड धरून उभा,
सोळा वर्षांचा, नाकाला टी-शर्ट,
पहिल्या तासात एक शब्द नाही,
तिसऱ्या तासात माझ्याहून वेगात वेचायला लागला.
पिशव्या हवा काढून बांधल्या,
शेजारच्या सलूनच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या,
केसांच्या रंगाच्या नळ्यांशेजारी.

शेवटी पाण्याची परीक्षा.
बुडाला तो चांगला.
तरंगला तो वाया : आत माशी बरीचशी झालेली असते,
तिने हवेची तयारी केलेली असते.
"मग यांचं काय?" कीअरनने विचारलं.
फेकायचे.

चारला उजाडलं.
तरंगणारे दोन मुठी मी मागच्या दारी
ब्लॅकबेरीच्या काट्यांत ओतले,
उन्हाच्या बाजूला.
हे का केलं याला माझ्याकडे तक्ता नाही.

सहाला ऑलरॉइड म्हातारा आला, टोपी, छत्री, घडीची खुर्ची.
पिशवी कानाशी हलवली,
खरबूज घ्यावं तशी.
"बुडणारे आहेत ना, नक्की?"
बुडणारेच आहेत, म्हटलं.

सुटे पैसे देताना बघितलं,
मनगटापाशी एक अळी,
अजून पांढरी, अजून मऊ,
बाहीकडे चढत होती.
झटकायला हवी होती.
हात ओला होता माझा.